समाजशास्त्रीय सिद्धांत

समाज कशामुळे टिकतो, कशामुळे बदलतो आणि माणसाच्या वागण्यावर त्याची पकड कशी बसते, याची पद्धतशीर उकल करणाऱ्या विचारव्यूहांना समाजशास्त्रीय सिद्धांत म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांती व औद्योगिक क्रांती यांनी यूरोपची जुनी घडी विस्कटली आणि हे प्रश्न ऐरणीवर आले. ऑग्यूस्त काँत यांनी १८३९ मध्ये या अभ्यासाला ‘समाजशास्त्र’ हे नाव दिले. कार्ल मार्क्स यांनी समाजबदलाचे मूळ उत्पादनसाधनांच्या मालकीत आणि त्यातून उद्भवणाऱ्या वर्गसंघर्षात शोधले.

या शास्त्राची खरी ताकद दिसते ती एमिल द्यूरकेम यांच्या आत्महत्येवरील ग्रंथात (१८९७). अमुक माणसाने जीव का दिला, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. एखाद्या समाजात आत्महत्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास तेवढेच का राहते, हे त्यांना शोधायचे होते. ते प्रमाण कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत अधिक आढळले. आर्थिक संकटात ते वाढे, तसेच अचानक आलेल्या भरभराटीतही वाढे. म्हणजे केवळ गरिबीवर बोट ठेवून भागत नव्हते. अपेक्षांना आवर घालणारे सामाजिक नियम सैल पडतात, या अवस्थेला त्यांनी प्रमाणकशून्यता म्हटले. सरकारी नोंदींवर त्यांनी फार विसंबून राहिल्याची टीका रास्त आहे. तरी प्रश्न मांडण्याची ही रीत आजही शिकण्यासारखी आहे.

माक्स वेबर यांनी कर्ता आपल्या कृतीला कोणता अर्थ देतो, यावर भर दिला. समाजाचा प्रत्येक घटक समाज टिकवण्याचे काही कार्य करतो, असे मानणारा टॅल्कट पार्सन्झ यांचा प्रकार्यवाद विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत प्रभावी होता, पण सत्ता व संघर्ष यांना त्यात पुरेशी जागा मिळाली नाही. जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या विचारांतून प्रतीकात्मक आंतरक्रियावाद आला; भाषा, खुणा अशा प्रतीकांतून होणाऱ्या रोजच्या व्यवहारांत माणसे अर्थ घडवतात, असे तो मानतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी तर शेटलंड बेटांवरील एका हॉटेलात स्वयंपाकघराच्या दाराभोवतीची रस्सीखेच टिपली : ताटे ने-आण करणाऱ्यांना दार उघडे हवे, चालकांना बंद, कारण आतले वागणे पाहुण्यांना दिसू नये.

डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून कृष्णवर्णीयांच्या जीवनाची पाहणी केली आणि त्यांच्या दैन्याचे कारण वंशात नसून गुलामगिरीच्या वारशात व भेदभावात आहे, असे १८९९ मध्ये दाखवून दिले. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्यांना संस्थापकांच्या पंक्तीत बसवायला अनेक दशके लावली.