रात्री दहानंतर नो-पार्किंग नसतं?

पुण्यात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: रात्री रस्ता मोकळा, गाडी कुठेही लावा; दहा तास होईपर्यंत कोणी उचलू शकत नाही. यातलं फक्त 'दहा तास' कायद्यात आहे, तेही अर्धवट वाचलेलं.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२७ दोन वेगळ्या गोष्टी सांगतं: सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस उभी असलेली गाडी, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी. दुसरीला तासांची अटच नाही. गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीने ती लगेच उचलता येते किंवा चाकाला जॅमर लागतो. उचलण्याचा खर्च मालकाचा. कलम १७७ चा दंड वेगळा: पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, नंतर १५०० पर्यंत.

फलकावर वेळ लिहिली असेल तर बंदी तेवढीच. नसेल तर चोवीस तास.

खरी गंमत रस्त्याच्या दोन बाजूंना लावलेल्या पी-१, पी-२ फलकांची. पी-१ म्हणजे त्या बाजूला विषम तारखेला गाडी लावता येते, पी-२ म्हणजे सम तारखेला. १४ तारखेला रात्री अकराला पी-२ खाली लावलेली गाडी तासाभरात चुकीच्या बाजूला असते, कारण तारीख मध्यरात्री बदलते, तुम्ही उठल्यावर नाही. सकाळी हलवू म्हणणारे इथेच फसतात. ३१ नंतर मात्र १ येते, दोन्ही विषम. त्या रात्री पी-१ खालची गाडी हलवावी लागत नाही.

आणि फलक नाही म्हणून चौकात, फुटपाथवर, बसथांब्यापाशी किंवा कुणाच्या फाटकासमोर लावता येत नाही. तिथे मनाईला फलक लागत नाही.