ठिणगी पडते, तरी गाडी मिसिंग का मारते?

साताऱ्यात काही घरांच्या पोर्चमध्ये अजून प्रीमियर पद्मिनी उभी दिसते आणि तिचा मालक बहुधा गाडीपेक्षा हट्टी असतो. अशा गाडीचे पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकांची जोडी), कंडेन्सर, ठिणगी पाडणारे प्लग बदलले आणि लगेच ती झटके देऊ लागली, म्हणजे मिसिंग मारू लागली, की एक ठरलेली तपासणी होते. प्लग काढायचा, वायरीला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा, स्टार्टर मारायचा. ठिणगी पडली की निकाल जाहीर : "करंट फर्स्टक्लास आहे. कार्बोरेटरमध्ये कचरा असणार." मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा हा धड असलेला कार्बोरेटर उघडला जातो आणि एका दोषाचे दोन होतात.

या तपासणीतून एवढंच कळतं की मोकळ्या हवेत ठिणगी पडते. सिलिंडरमध्ये हवा मोकळी नसते. पिस्टन वर येताना ती सात-आठपट कमी जागेत कोंबली जाते, शिवाय तापते. पूर्ण पिकअप दिला असेल तर दाब बाहेरच्या दहापट सहज होतो. हवा जितकी दाट, तितकं तिच्यातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. पोवई नाक्यावर उभी असताना गोड चालणारी गाडी यवतेश्वरच्या घाटात मिसिंग मारते ती म्हणूनच. आयडलिंगला सिलिंडर अर्धवट भरतो, दाब कमी असतो, लुळी ठिणगीही चालून जाते. चढाला तिचं पितळ उघडं पडतं.

बॅटरी तर १२ व्होल्टची. मग हजारो व्होल्ट येतात कुठून? इथला गैरसमज फार जुना आहे : पॉइंट जुळले की करंट जातो आणि ठिणगी पडते. खरं उलट आहे. पॉइंट उघडतात तेव्हा, म्हणजे करंट तुटतो तेव्हा ठिणगी पडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बॅटरीवरचं इग्निशन आणलं, त्याचा जीव या तोडण्यातच आहे.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं; दुसरं बारीक तारेचं, साधारण शंभरपट वेढ्यांचं. पॉइंट मिटलेले असताना जाड वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर वाहतात आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडताच करंट थांबतो, क्षेत्र कोसळतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत व्होल्टेज निर्माण करतं, आणि बदल जितका झपाट्याने तितकं ते जास्त. धो धो वाहणारा नळ हळू बंद केला तर काही होत नाही. खटकन बंद केला की पाइपात धक्का बसतो. तसाच हा धक्का. जाड वेटोळ्यात दोन-तीनशे व्होल्ट उसळतात, बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार.

पण "खटकन" हे यंत्राला साधत नाही. पॉइंट उघडू लागतात त्या क्षणी फट केसाहूनही बारीक असते आणि उसळलेलं व्होल्टेज त्या फटीतूनच उडी मारतं. करंट तुटण्याऐवजी रेंगाळतो, क्षेत्र सावकाश उतरतं, आणि प्लगवर जायची ऊर्जा पॉइंट जाळण्यात जाते. कंडेन्सर इथे उपयोगी पडतो. करंगळीएवढी ही डबी, क्षमता जेमतेम ०.२ मायक्रोफॅरड. पॉइंट उघडताना तो करंट ती स्वतःत घेते. ती भरेपर्यंत पॉइंट पुरेसे लांब गेलेले असतात. कंडेन्सर खराब असेल तर ठिणगी पडते, पण पिवळट, मरतुकडी. आणि नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं मुळीच नाही. जुना कंडेन्सर फेकू नका. मिसिंग सुरू झालं की पहिल्यांदा तोच परत लावून पाहा.

 

आता पॉइंटची फट. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीमागे १० मिलिसेकंद, त्यातले दोन-तृतीयांश कॉइल भरायला. फट जास्त ठेवली तर पॉइंट कमी वेळ मिटलेले राहतात आणि कॉइल भरतच नाही. शिवाय ते लवकर उघडतात, म्हणून टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे सरकतं. फट कमी झाली तर मागे. त्यामुळे आधी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट, मग टायमिंग. उलट केलं तर मेहनत फुकट. नव्या पॉइंटची कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर) घासणारी टाच सुरुवातीला पटकन झिजते, फट घटते, आणि नीट चालणारी गाडी थोड्याच दिवसांत सुस्तावते. कॅमवर नखभर ग्रीस बोटाने फिरवायला बरेच जण विसरतात.

प्लगच्या वायरी उलटसुलट झाल्या असतील तर गाडी ते बोलून दाखवते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. समजा १ आणि ३ ची अदलाबदल झाली. १ ची ठिणगी ३ मध्ये पडते, तेव्हा ३ चा पिस्टन तळाशी असतो आणि इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडा : कार्बोरेटरमधून फटाका. अर्ध्या फेऱ्याने ३ ची ठिणगी १ मध्ये पडते, तेव्हा तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडलेला असतो : सायलेन्सरमधून बार. पण १ आणि ४, किंवा २ आणि ३ बदलले, तर ठिणगी पडते एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होताना, जेव्हा पेटायला फारसं काही नसतं. कार्बोरेटर गप्प राहतो, गाडी दोनच सिलिंडरवर लंगडते. आवाज ऐकून वायर ओळखता येते ती अशी.

यातलं काहीही बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने सुटत नाही. पेट्रोलच्या नळीवर बसवायच्या "अॅव्हरेज वाढवणाऱ्या" चुंबकानेही नाही. पेट्रोलला त्या चुंबकाचं काही देणंघेणं नसतं, फक्त त्याला रंगीत खोकं असतं.

एवढं करूनही मिसिंग उरलंच, तर डिस्ट्रिब्युटरचा (पॉइंट ज्यात बसतात आणि जो ठिणगी प्रत्येक प्लगला वाटतो त्याचा) शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून पाहा. हलला, तर त्याला आधार देणारं बूश झिजलंय. मग फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते, चार ठिणग्यांचं टायमिंग चार तऱ्हांचं होतं. पॉइंट कितीही सेट करा. लेथवाल्याकडे नेऊन नवं बूश बसवल्याशिवाय ते जुळणार नाही.