नीतिशास्त्रातील पदव्युत्तर संशोधन : कॅथलिक विद्यापीठे आणि नागपूर

कॅथलिक विद्यापीठांत नीतिशास्त्राचे पदव्युत्तर संशोधन दोन विभागांत चालते. तत्त्वज्ञान विभागात नीतीची तपासणी निव्वळ बुद्धीच्या आधारे होते. ॲरिस्टॉटल, कांट, उपयुक्ततावाद, न्यायाच्या उपपत्ती हे तेथले विषय. ईशज्ञान (थिऑलॉजी) विभागातील शाखेला मॉरल थिऑलॉजी म्हणतात. तिथे बायबल, परंपरा, चर्चची शिकवण आणि माणसांचा अनुभव यांचा एकत्र विचार करून कृतीची योग्यायोग्यता ठरवतात. दोन्हीकडे तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस वाचल्याशिवाय गत्यंतर नसते. चांगले काय हे ओळखण्याची शक्ती माणसाच्या बुद्धीतच आहे, असे त्याचा नैसर्गिक नियमाचा विचार सांगतो. हे मान्य केले की नीतीबद्दल परधर्मीयाशीही बरोबरीने बोलता येते. नागपूरच्या संदर्भात या शाखेचे महत्त्व इथूनच सुरू होते.

ट्रेंट येथील चर्चच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५–१५६३) सेमिनऱ्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था, निघाल्या आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी नीतीची हस्तपुस्तके तयार झाली. कोणते पाप किती गंभीर, याचा निवाडा हा त्यांचा मुख्य हेतू. अठराव्या शतकात इटलीतील धर्मगुरू आल्फोन्सस लिगोरी याने या निवाड्यांतला कठोरपणा कमी केला. रोममधील आल्फोन्सियन अकादमी त्याच्याच नावाने १९४९ मध्ये सुरू झाली आणि ती केवळ मॉरल थिऑलॉजीच्या उच्च अभ्यासाला वाहिलेली आहे. चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ मध्ये या विषयाला बायबलचे पोषण अधिक मिळावे असे सांगितले आणि पापांच्या याद्यांचे युग मागे पडले.

चर्चच्या विद्याशाखांत पदव्यांचे तीन टप्पे असतात : बॅकलॉरिएट, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट. लायसेन्शिएट साधारण दोन वर्षांचे. संशोधनाची खरी शिस्त तिथेच लागते. महाराष्ट्रात अशा पदव्या देणारी मोठी संस्था म्हणजे पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ. १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली, तिच्यातून ते वाढले. या पदव्या व्हॅटिकनच्या अधिकाराने मिळतात. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचे असेल तर एम.ए. करून नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. ही वाट वेगळी धरावी लागते.

संशोधकाला स्वातंत्र्य किती, हा प्रश्न या क्षेत्रात सतत विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. कॅथलिक विद्यापीठांविषयीच्या १९९० च्या पोपच्या संविधानात (म्हणजे अधिकृत धर्मादेशात) संशोधनस्वातंत्र्याची हमी आहे, मात्र सत्य आणि सार्वजनिक हित यांच्या मर्यादेत. ईशज्ञान शिकवणाऱ्याला चर्चच्या अधिकाऱ्याची संमतीही लागते. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन अमान्य करणारे परिपत्र काढले, तेव्हा अनेक अभ्यासकांनी जाहीर मतभेद नोंदवले. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातील चार्ल्स करन हे त्यांत अग्रभागी होते. १९८६ मध्ये व्हॅटिकनने त्यांना कॅथलिक ईशज्ञान शिकवण्यास अपात्र ठरवले. ही किंमत खरी आहे, ती लपवून या शाखेची ओळख करून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही प्रबंध म्हणजे शिकवणीची उजळणी, हा समज चुकीचा आहे. परंपरेच्या आतच किती वाद, किती हालचाल असते, हे एका उदाहरणावरून दिसते.

सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या ईशज्ञान-अभ्यासकाने प्रश्न घेतला : जीव वाचवण्यासाठी माणसाने कुठवर जावे? वैद्याने कोंबडी खायला सांगितली, तरी रुग्णाला अंड्यांवर भागवता येत असेल तर महागडे अन्न खाणे त्याच्यावर बंधनकारक नाही, असे त्याचे उत्तर होते. पुढे यातूनच ‘साधारण’ आणि ‘असाधारण’ उपायांचा भेद घडला. साधारण उपाय करणे कर्तव्य, असाधारण ऐच्छिक. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हाच भेद कृत्रिम श्वसनयंत्राला लावला आणि व्यक्ती, स्थळ, काळ व संस्कृती पाहून उपाय साधारण की असाधारण ते ठरते असे सांगितले. २००४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मात्र चिरस्थायी बेशुद्धावस्थेतील रुग्णाला नळीने दिलेले अन्न-पाणी तत्त्वतः साधारण उपायच मानले.

आता हे भारतीय कायद्याशेजारी ठेवून पाहावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे ही मागणी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारली, पण त्याच निकालाने निष्क्रिय इच्छामरणाची (जीव टिकवणारे उपचार थांबवण्याची) वाट काही अटींवर उघडली. २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे असे उपचार नकोत हे रुग्णाने आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. नळीतले अन्न हे उपचार की शुश्रूषा, यावर नागपुरातला एखादा संशोधक लिहील तेव्हा त्याच्यासमोर नुसती रोमची कागदपत्रे नसतील. विदर्भ आणि शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, रुग्ण घेऊन येणारी, दवाखान्याच्या खर्चापायी शेत गहाण टाकणारी कुटुंबेही असतील. पायस यांनी सांगितलेले ‘स्थळ’ ते हेच.

नागपूर धर्मप्रांत १८८७ चा. १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सेंट चार्ल्स सेमिनरीवरून शहराच्या सेमिनरी हिल्स या टेकडीला नाव मिळाले, आणि त्याच परिसरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पीएच.डी. करता येते. पण शहराची खरी संपत्ती, निदान या विषयापुरती, दीक्षाभूमी आहे.

तिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ते म्हणतात की इतर धर्मांत नीती ही गाडीला जोडलेल्या डब्यासारखी असते, गरजेप्रमाणे जोडायची आणि सोडायची. धम्मात मात्र ईश्वराच्या जागी नीती आहे. नैसर्गिक नियम मानणाऱ्या अभ्यासकाला याहून थेट आव्हान मिळणे कठीण. बुद्धीने चांगले कळते असे तोही म्हणतो. मग ईश्वराने त्यात भर काय घातली? युरोपात हाच प्रश्न जर्मनीतील ट्यूबिंगेनचे कॅथलिक अभ्यासक आल्फोन्स आउअर यांनी १९७१ मध्ये ‘स्वायत्त नीती’च्या रूपाने मांडला आणि त्यावर मोठा वाद झाला. आउअर यांचे वाचन पुणे-रोममध्ये होते. आंबेडकरांना त्यांच्यासमोर बसवण्याचे काम नागपूरकरानेच करावे, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

ते काम नुसत्या तुलनेचे राहू नये. अनुसूचित जातींत कोण मोडते हे ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाच्या कक्षेत पुढे शीख (१९५६) आणि बौद्ध (१९९०) आले. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. चर्चच्या आतली जातही गेलेली नाही. त्यामुळे आंबेडकरांची टीका संशोधकाला स्वतःच्या समाजावरही लावून पाहावी लागते, आणि प्रबंधाचा कस तिथेच लागतो.

तयारी भाषांची लागते. लॅटिन, एखादी आधुनिक युरोपीय भाषा, आणि आंबेडकर-बौद्ध विषय घेतल्यास पालीसुद्धा. प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहिले जातात. मराठीत नीतिविषयक ख्रिस्ती लेखनाला आधार नाही असे मात्र नव्हे. इंग्लंडहून आलेले जेझुइट संघाचे धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे, आणि त्यातील नीतीची भाषा संतपरंपरेच्या फार जवळची आहे. तो ग्रंथ आजवर मुख्यतः साहित्य म्हणून अभ्यासला गेला. नीतिशास्त्र म्हणून तो वाचणे हा लायसेन्शिएटच्या प्रबंधाला पुरेल एवढा विषय आहे.