प्रोटॉनचा नेम आणि रोज बदलणारे शरीर

टाटा स्मारकच्या खारघर केंद्रात 2023 पासून प्रोटॉन उपचार, म्हणजे कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉन या अणूतल्या कणांचा मारा, मिळू लागले. चेन्नईत ते 2019 मध्येच सुरू झाले होते, पण गोव्यातल्या रुग्णाला खारघर जवळचे: मडगावला कोकणकन्येत बसायचे, पनवेलला उतरायचे. मग सहा-सात आठवडे मुक्काम, आणि आठवड्यातले पाच दिवस किरणे.

किरणोपचारात एरवी वापरले जाणारे क्ष-किरण शरीर भेदून पलीकडे जातात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो. त्याचा वैद्यकीय उपयोग भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी 1946 साली सुचवला. 1954 मध्ये अमेरिकेत बर्कलीला पहिल्या रुग्णावर उपचार झाले. पुढे हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) डोळ्यातल्या आणि कवटीच्या तळाच्या गाठींवर मोठे काम झाले. या गाठी हाडाच्या आधाराने असतात, फारशा हलत नाहीत. म्हणूनच, मला वाटते, शरीर बदलण्याचा प्रश्न बरीच वर्षे ऐरणीवर आला नाही. 1990 मध्ये अमेरिकेतच लोमा लिंडाला रुग्णालयातच प्रोटॉन यंत्र बसले, इतर अवयवांवरही उपचार वाढले आणि तो प्रश्न टाळता येईना.

घशाच्या कर्करोगाचा रुग्ण घ्या. तोंड सोलवटते, मासे-भात सुटतो, पेजेवर दिवस काढावे लागतात. वजन उतरते, गालाखालचा मांसल भाग आटतो, डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर लावलेला, पहिल्या दिवशी घट्ट बसलेला मास्क सैल होतो. वाटेतली ऊती कमी झाली की प्रोटॉन पुढे सरकतो. गाठीमागे मेंदूचा देठ किंवा मज्जारज्जू असेल तर धोका त्याला. सायनसमध्ये द्रव साचला तर उलटे, प्रोटॉन गाठीच्या अलीकडेच थांबतो. क्ष-किरणांत एवढ्याशा फरकाने सहसा इतके बिघडत नाही.

बदलत्या शरीराप्रमाणे उपचाराचा आराखडा (किरणे कुठे, किती द्यायची याचे गणित) बदलण्याची कल्पना डी यान आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये क्ष-किरणांसाठी मांडली. प्रोटॉनमध्ये रूढ पद्धत अशी: मधूनमधून सीटी स्कॅन काढायचा, गरज पडली तर नवा आराखडा करायचा. त्यात काही दिवस जातात, आणि तोवर जुनाच आराखडा चालतो. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेने, जिथे 1996 मध्ये प्रोटॉनची बारीक शलाका गाठीवर ठिपक्याठिपक्याने फिरवण्याचे तंत्र रुग्णांवर सुरू झाले, हेच काम रोज करण्याचा ध्यास घेतला: रुग्ण टेबलावर असतानाच सीटी, अवयवांच्या सीमा, नवा आराखडा. गणित संगणक मिनिटांत करतो. अवघड आहे ती तपासणी. एरवी नवा आराखडा आधी यंत्रावर मोजून पाहतात. इथे रुग्ण थांबलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या स्वतंत्र गणिताने पडताळणी करावी लागते.

रोजची ही सोय सर्वत्र येईपर्यंत रुग्णाने सीटी पुन्हा केव्हा होणार हे पहिल्याच भेटीत विचारावे, आणि मास्क सैल वाटला तर त्याच दिवशी तंत्रज्ञाला सांगावे.