आधी जेवण, मग समजूत : किशोरवयातले खाण्याचे आजार

खाण्याचा आजार घरात शिरतो तेव्हा तो आजारासारखा दिसत नाही, चांगल्या सवयीसारखा दिसतो. मुलगी गोड सोडते, तळलेलं बंद करते, रोज नेमाने व्यायाम करते. सगळे कौतुक करतात. मग एकेक पदार्थ यादीतून कमी होत जातो. "मी आधीच खाल्लंय", "पोट दुखतंय", "मैत्रिणीकडे जेवले" अशी कारणं रोजची होतात. सगळ्यांबरोबर बसलीच तर घासाचे बारीक तुकडे करून ते ताटात इकडून तिकडे सरकवत राहते. स्वतः खात नाही, पण घरच्यांसाठी हौसेने पदार्थ करते आणि पाककृतींचे व्हिडिओ तासन् तास बघते. अंगावर सैल कपडे येतात, इतरांना उकडत असताना तिला थंडी वाजते. जेवण झालं की ती लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते.

मुलग्यांमध्ये चित्र थोडं वेगळं असतं, त्यामुळे ते जास्त उशिरा ओळखलं जातं. बारीक होण्यापेक्षा पिळदार होण्याचा ध्यास असतो. चरबी नको, स्नायू हवेत, म्हणून जेवणाची जागा पावडरी घेतात आणि एक दिवस व्यायाम चुकला तरी जीव कासावीस होतो.

या लेखात किती वजन आणि किती कॅलरी हे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. आजारी मूल असे आकडे लक्ष्य म्हणून वापरतं.

आजारांची नावं थोडक्यात. अ‍ॅनोरेक्सियामध्ये खाणं कमालीचं आवरलं जातं, वजन वाढण्याची भीती मनाचा ताबा घेते आणि आपण आजारी आहोत हेच मान्य होत नाही. बुलिमियामध्ये ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग ते भरून काढण्यासाठी उलटी, जुलाबाच्या गोळ्या, उपास किंवा अतिव्यायाम होतो. बिंज इटिंगमध्ये असं खाणं होतं, पण 'भरपाई' होत नाही. मागे उरते ती लाज. आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने असं होत असेल तर त्याला आजार म्हणतात. आणखी एक प्रकार आहे, त्यात दिसण्याची काळजी नसते. घास अडकेल ही भीती, एखाद्या वासाची किंवा मऊ-गिळगिळीत स्पर्शाची किळस यामुळे खाणं दोन-चार पदार्थांवर येतं. त्याला एआरएफआयडी म्हणतात आणि 'नखरे' म्हणून तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो.

आता मुख्य प्रश्न. एवढी हुशार मुलगी, तिला समजत कसं नाही? याचं सर्वांत चांगलं उत्तर मुलींवर नव्हे, तर तरुण पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगातून मिळालं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी जनतेला पुन्हा खायला कसं घालायचं हे त्यांना शिकायचं होतं. युद्धात लढायला नकार दिलेले हे स्वयंसेवक शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले होते. त्यांच्यापैकी कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. आणि तरीही वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं तेव्हा त्यांचं काय झालं? ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. मोजकं अन्न तासभर चिवडत बसू लागले. नाडी मंदावली, थंडी सोसेना, चिडचिड आणि औदासीन्य वाढलं, मित्र नकोसे झाले, लक्ष लागेना. पोटभर खायची मुभा मिळाल्यावर काही जण पोट दुखेपर्यंत खात राहिले आणि तरी भूक शमेना.

म्हणजे ज्याला आपण मुलीचा हट्ट किंवा स्वभाव समजतो, त्यातला बराच भाग उपासमारीचा परिणाम असतो. मेंदूलाही पोषण लागतं. अ‍ॅनोरेक्सियामध्ये मेंदूचा करडा भाग मोजता येईल इतका आकसतो आणि वजन परत आलं की तो बहुतांशी भरून येतो. उपाशी मेंदू विचारांच्या एकाच रुळावर अडकतो. त्याला तर्काने पटवायला गेलं की वाद होतो आणि वादात जेवणाची वेळ टळते. उपचाराचा क्रम यातूनच ठरतो. आधी जेवण, मग समजूत.

शरीर काटकसर कशी करतं तेही पाहण्यासारखं आहे. चरबी घटली की तिच्यातून येणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस 'दिवस टंचाईचे आहेत' असं समजून तातडीची नसलेली कामं थांबवतो. पाळी बंद होते. मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन घसरतं. थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक कमी होतं, हृदयाचे ठोके मंदावतात, हातपाय गार पडतात, अंगावर बारीक मऊ लव येते. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून चार घासांत पोट खरोखरच फुगतं. ते नाटक नसतं. सर्वांत मोठी किंमत हाडं मोजतात. आयुष्यभर पुरणारी हाडांची भक्कमता बहुतेक सगळी विशीच्या आत कमावली जाते. त्या काळात पाळीमागचं संप्रेरक, इस्ट्रोजेन, नसलं तर राहिलेली तूट पुढे पूर्ण भरून निघत नाही. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी ती भरत नाही. गर्भनिरोधक गोळ्या देऊन 'पाळी आणली' तर फक्त रक्तस्राव दिसतो. हाडांना त्याचा उपयोग होत नाही आणि घरच्यांची मात्र खोटी खात्री पटते.

वारंवार उलट्यांनी होणारं नुकसान वेगळं. जठरातल्या आम्लामुळे वरच्या पुढच्या दातांचा आतला भाग झिजतो, त्यामुळे आजार पहिल्यांदा दंतवैद्याच्या लक्षात येतो असं अनेकदा होतं. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं इनॅमल घासून जातं. नुसत्या पाण्याने चूळ भरावी. कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात, गाल भरलेले दिसतात आणि 'मी जाड आहे' हा समज पक्का होतो. धोक्याची गोष्ट म्हणजे रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते, तीही बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या मुलीची. जुलाबाच्या गोळ्यांचा हिशोब तर मुळातच चुकीचा आहे. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात शोषली जाते, या गोळ्या काम करतात मोठ्या आतड्यात. जातं ते पाणी आणि क्षार.

इथे वजनकाटा फार फसवतो. आधी वजन जास्त असलेलं मूल झपाट्याने उतरलं, तर वयाच्या मानाने 'नॉर्मल' दिसत असतानाच त्याची नाडी मंदावलेली, पाळी गेलेली आणि क्षार बिघडलेले असू शकतात. अशा मुलाला शाबासकी मिळते, कधी डॉक्टरांकडूनही. म्हणून एका दिवसाचा आकडा पाहू नका, वाढीचा जुना तक्ता काढा. मूल ज्या रेषेवरून वर्षानुवर्षे चाललं होतं ती सोडून खाली आलं असेल, किंवा वाढत्या वयात वजन नुसतं थांबलं असेल, तरी ते बिघाडाचं लक्षण आहे. वयात येताना शरीर प्रौढपणीच्या वजनापैकी जवळपास निम्मं वजन कमावतं. त्या काळात वजन न वाढणं म्हणजेच घटणं.

जास्त वजनाचा प्रश्न याच्या उलट टोकाला आहे असं वाटतं, पण दोन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ५ ते १९ वयोगटातली ३९ कोटींहून जास्त मुलं जास्त वजनाची होती, त्यातली १६ कोटी लठ्ठ. प्रश्न खरा आहे. पण त्यावर 'डाएट कर' हा सल्ला किशोरवयात घातक ठरतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा आजार होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट निघाली. यामागचं चक्र असं : सकाळ-दुपार उपाशी, संध्याकाळी शरीर भूक वसूल करतं, ताबा सुटतो, लाज वाटते, दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास. हे चक्र ज्यांना 'इच्छाशक्तीचा अभाव' वाटतं, त्यांनी मिनेसोटाचे ते धडधाकट तरुण आठवावेत.

मग जास्त वजनाच्या मुलासाठी काय करायचं? उंची वाढत असेल तर बहुतेकदा वजन उतरवण्याची घाई नसते. ते स्थिर ठेवलं की उंची त्याला गाठते. एकट्या मुलाचं ताट वेगळं करू नये, घरातलं सगळ्यांचं खाणं बदलावं. ठरलेल्या वेळी जेवण, सकाळचं खाणं न चुकवणं, गोड पेयांऐवजी पाणी, दिवसातून तासभर धावणं-खेळणं आणि ८ ते १० तास झोप. घोरणं, रक्तदाब, साखर, यकृत आणि पाळीची अनियमितता या तपासण्या डॉक्टरांकडून करून घ्याव्यात. आणि वजनावरून चिडवणं पूर्ण बंद, प्रेमाने ठेवलेली टोपणनावंसुद्धा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे आजार दोन्ही टाळण्यासाठी सुचवलेले उपाय हेच आहेत : डाएट नको, वजनाची चर्चा नको, चिडवणं नको, एकत्र जेवण हवं.

कारणांबद्दल एवढंच, की आईवडिलांनी स्वतःला दोषी धरू नये. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की अ‍ॅनोरेक्सियाच्या जोखमीतला साधारण निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा आनुवंशिक आहे. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकीय तपासणीत त्याचा संबंध मानसिक आजारांइतकाच चयापचयाशीही आढळला. पण जनुकं एकटी काम करत नाहीत. फिजीच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत सापडली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झालं. आज पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे.

शंका आली तर डॉक्टर वापरतात ते पाच प्रश्न उपयोगी पडतात. फार पोट भरलं म्हणून मुद्दाम उलटी करतोस का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? तीन महिन्यांत वजन बरंच घटलंय का? इतर बारीक म्हणत असताना तू स्वतःला जाड समजतोस का? अन्नाने आयुष्य व्यापून टाकलंय का? दोन उत्तरं 'हो' आली तर तपासणी हवी. मूल नाकारेल, ते आजारातच आहे. नकारावर विसंबू नये. पाच मिनिटं शांत बसवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. जागेपणी ती ५० च्या खाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. 'खेळाडूंची नाडी मंदच असते' हे स्पष्टीकरण वजन घटलेल्या मुलाला लावू नये. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, उलटीत रक्त, पाणीही बंद होणं आणि जीव देण्याची भाषा या गोष्टींनाही थांबायला वेळ नाही. अ‍ॅनोरेक्सियामुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण पाचातला एक आत्महत्येने होतो.

बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला घरी एकदम पोटभर जेवायला घालणं धोक्याचं आहे. अन्न मिळताच इन्सुलिन वाढतं आणि पेशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ओढून घेतात. रक्तातली पातळी कोसळली की हृदय आणि श्वासाचे स्नायू अडचणीत येतात. पहिला आठवडा सर्वांत जोखमीचा, म्हणून सुरुवात रुग्णालयात, रोजच्या रक्ततपासणीसह आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन होते.

धोका टळला की किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियासाठी सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार घरच्या जेवणाच्या टेबलावर होतो. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तो आकाराला आला. काय, किती आणि कधी खायचं हे काही महिने आईवडील ठरवतात. तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, ताट मोठ्यांनी वाढायचं, शेजारी कुणीतरी बसायचं. जेवणाला अर्धा-पाऊण तास, मधल्या खाण्याला पंधरा-वीस मिनिटं. नंतर तासभर सोबत, बाथरूमला लगेच जायचं नाही. व्यायाम बंद.

टेबलावर रडणं, ओरडणं, ताट ढकलणं होईल. तेव्हा वाक्यं छोटी आणि तीच ती असावीत : "हे तुझं औषध आहे. मी इथेच बसलेय. पुढचा घास घे." कॅलरींवर चर्चा नको, लाच नको, "आमच्यासाठी तरी खा" नको. राग आजारावर, मुलावर नाही. आईने आग्रह धरायचा आणि बाबांनी सूट द्यायची, असं झालं की आजार त्या फटीतून निसटतो. म्हणून दोघांनी जेवणाआधी एकमत करावं. वजन वाढू लागल्यावर पाहुणे "आता तब्येत छान झाली" म्हणतात. मुलीला ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं, तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

बुलिमिया आणि बिंज इटिंगमध्ये वर्तनोपचार सुरू होतो तो नेमाने खाण्यापासून : दर तीन-चार तासांनी काहीतरी खायचं, आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचं खाणं चुकवायचं नाही. उपास सुटला की ताबा सुटण्याचे प्रसंग बरेचदा आपोआप कमी होतात. विचारांवरचं काम त्यानंतर.

उपचाराला सहा महिने ते वर्ष सहज लागतं आणि घाईने सोडला तर आजार उलटतो. एक चूक वारंवार होते : ठरलेला आकडा गाठला की सगळे थांबतात. पण मूल वाढत असतं, उंची वाढते, म्हणून अपेक्षित वजनही दर काही महिन्यांनी वर सरकवावं लागतं. पाळी आपोआप परत येऊन नियमित होणं, नाडी सुधारणं, आणि मैत्रिणींबरोबर बाहेर गेल्यावर समोर येईल ते खाता येणं या खुणा आकड्यापेक्षा जास्त सांगतात. परीक्षा, आजारपण, शिक्षणासाठी घर सोडणं अशा वेळी वजन पुन्हा घसरू लागलं, तर कारण शोधत बसू नका. ताट पुन्हा आपल्या हाताने वाढायला घ्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.