छावणीतल्या बायका, तांब्याच्या पत्र्यावरच्या

१८व्या शतकातली छावणीची एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, बघायला घेतली की लढाई कुठे दिसतच नाही, चूल पेटलेली, वर हंडा टांगलेला, शिपाई दमून आडवे पडलेत आणि बाजूलाच एखादी बाई मांडीवरच्या बाळाला पाजतीये.

ही नजर मुख्यतः फ्रेंच चित्रकार अन्त्वान वातोची. १७०९ मध्ये तो पॅरिसहून आपल्या गावी, वॅलेन्सिएनला आला तेव्हा स्पेनच्या गादीवरून युद्ध चाललेलं, त्याच सप्टेंबरात जवळच मालप्लाकेला प्रचंड कत्तल झाली. आणि या पोराने काढलं काय, तर वाटेवर थांबलेलं सैन्य! त्याचं असं पहिलं चित्र ६० लिव्ह्रला (तेव्हाचं फ्रेंच नाणं) गेलं, दुसऱ्याला २०० मिळाले. नव्या भरतीच्या शिपायांचं एक एचिंग तर त्याने स्वतः केलं, नंतर तोमासँ या छापचित्रकाराने ते पूर्ण केलं. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने त्यावर रेघा ओढतात आणि मग अ‍ॅसिड त्या रेघा खातं, त्यामुळे हात कागदावर फिरतो तसा मोकळा फिरतो आणि चुरगळलेला कोट, वाकलेली पाठ सगळं जिवंत येतं. १७२१ ला वातो गेला, मग त्याचा मित्र जुलिएनने त्याच्या चित्रांच्या छापील प्रती काढवल्या, म्हणून ती इतकी पसरली.

आता बायकांचं. त्या चित्रात शोभेला नाहीयेत हो! ब्रिटिश फौजेत प्रत्येक कंपनीमागे मोजक्याच बायकांना अधिकृत परवानगी असायची, शिपायाच्या निम्मं रेशन, आणि त्या बदल्यात कपडे धुणं, आजाऱ्यांची सेवा. पुढे इंग्लंडमध्ये १७७८ ला कॉक्सहीथची छावणी बघायला उच्चभ्रू बायका नटून जायला लागल्या, व्यंगचित्रकारांना विषयच मिळाला, आणि त्या गर्दीत धुणंवाली मागेच पडली. मला हे फार लागतं, कारण पानिपतच्या गोष्टीत आपणही बुणगे म्हणजे नुसतं ओझं असंच बोलत आलोय.

अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती वॉशिंग्टनचंही तेच, ऑगस्ट १७७७ मध्ये त्याने हुकूम काढला की फौज फिलाडेल्फियातून जाताना बरोबर एकही बाई दिसता कामा नये. दोनच दिवसांनी, २५ तारखेला, नॉर्थ कॅरोलिनाची तुकडी शहरातून गेली तेव्हा द्यु सिमितिएर या चित्रकाराने ती घाईघाईत कागदावर उतरवली. त्यात सामानाची गाडी आहे, आणि गाडीवर बायका बसल्यात.