साहेलच्या जमिनीवरचा एक मिलिमीटर

सहारा वाळवंट दरवर्षी दक्षिणेकडे सरकत आहे आणि ते रोखण्यासाठी आफ्रिकेतील देश डाकारपासून जिबूतीपर्यंत ८,००० किलोमीटर लांबीची झाडांची भिंत उभारत आहेत, अशी बातमी दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. आफ्रिकन युनियनने २००७ मध्ये हाती घेतलेला ‘ग्रेट ग्रीन वॉल’ हा प्रकल्प खरा आहे, पण बातमीतून वाचकाच्या मनात जे चित्र उमटते ते चुकीचे आहे. वाळूची लाट पुढे येत नाही आणि म्हणून झाडांच्या रांगेने ती अडण्याचाही प्रश्न नाही. १९८० च्या दशकातील उपग्रहचित्रे वर्षानुवर्षे तपासली गेली, तेव्हा सहाराच्या दक्षिण कडेची हिरवळ पावसाच्या मानाने कधी खाली, तर कधी पुन्हा वर सरकते असे दिसले. जमीन मरते ती वाळवंटापासून शेकडो किलोमीटर दूर, गावाला लागून असलेल्या शेतात. आणि ती कशी मरते हे समजण्यासाठी तिच्या पृष्ठभागावरचा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर पाहावा लागतो.

सहाराच्या दक्षिणेला सेनेगल, माली, बुर्किना फासो, नायजर, चाड अशा देशांतून जाणारा कोरडवाहू पट्टा म्हणजे साहेल. पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच, बऱ्याच भागात ३०० ते ७०० मिलिमीटर. मुख्य पिके बाजरी आणि ज्वारी. आपल्या नगर-सोलापूरकडच्या शेतकऱ्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल, आणि त्यात नवल नाही: बाजरी हे पीक मुळात याच पट्ट्यातले आहे. मालीच्या उत्तर भागात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बाजरीचे अवशेष सापडले आहेत आणि तिथून ते धान्य भारतात आले.

१९६८ च्या सुमारास साहेलमध्ये जो दुष्काळ सुरू झाला तो थोड्याफार फरकाने १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकला. त्यात लाखो जनावरे आणि फार मोठ्या संख्येने माणसे दगावली. सुरुवातीला दोष स्थानिक लोकांवर आला: त्यांच्या शेळ्या-मेंढ्यांनी जमीन उघडी केली, उघडी जमीन ऊन परावर्तित करू लागली आणि त्यामुळे पाऊस हटला, असा सिद्धान्त १९७५ मध्ये मांडला गेला. पुढे १९८६ मध्ये ब्रिटिश हवामान विभागातील संशोधकांनी आणि नंतर इतर अनेकांनी दाखवून दिले, की पाऊस कमी होण्यामागे प्रामुख्याने महासागरांच्या तापमानातील बदल होते. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या कारखान्यांतून निघालेल्या सल्फेटच्या सूक्ष्म कणांनी उत्तर अटलांटिक महासागर थंड ठेवला आणि पावसाचा पट्टा दक्षिणेकडे ढकलला गेला, हाही त्यातला एक भाग होता. ज्यांनी धूर सोडला नाही त्यांच्याच शेळ्यांना अनेक वर्षे आरोपी ठरवले गेले, याचा उल्लेख आपल्याकडील लेखांतही व्हायला हवा असे मला वाटते.

याच दुष्काळात एक विचित्र गोष्ट आढळली. नायजरची राजधानी निआमे हिच्या आसपास पाऊस घटला होता, तरी भूजलाची पातळी हळूहळू वर येत होती. ओढ्यांतून पूर्वीपेक्षा जास्त पाणी वाहत होते. जलशास्त्रज्ञ याला साहेलचा विरोधाभास म्हणतात. झाडझाडोरा तोडून शेते वाढली, पडीक ठेवण्याची वर्षे कमी झाली आणि जमिनीवर कठीण पापुद्रा धरला. पाणी जागच्या जागी मुरेना, ते वाहून सखल भागातील तळ्यांत साचू लागले आणि तिथल्या तळातून एकदम खोल उतरू लागले. म्हणजे विहिरीत पाणी चढत होते आणि बाजरीच्या मुळाशी ओल नव्हती. शेताला पाणी कमी पडण्याचे कारण केवळ आकाशात नव्हते.

हा पापुद्रा कसा तयार होतो, ते नीट पाहू. पावसाचा तीन मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे आठ मीटर असतो. शाळेत शिकलेले गतिज ऊर्जेचे सूत्र वापरले तर प्रत्येक किलो पाण्यामागे ३२ ज्यूल ऊर्जा येते. तेच पाणी उतारावरून सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने वाहत असेल, तर किलोमागे ०.०४५ ज्यूल. थेंबाचा मारा वाहत्या पाण्यापेक्षा सुमारे सातशे पट ऊर्जा घेऊन येतो. शिवाय पहिल्या सरीत कोरडे ढेकूळ झपाट्याने भिजते, त्याच्या आतली हवा कोंडली जाते, दाबली जाते आणि ढेकूळ आतून फुटते. जमिनीत सेंद्रिय पदार्थ असेल तर कण एकमेकांना धरून राहतात. साहेलच्या वालुकामय जमिनीत तो मुळात थोडा आणि सततच्या पिकांनी आणखी घटलेला. फुटलेल्या ढेकळातील चिकणमातीचे बारीक कण पाण्याबरोबर खाली जातात आणि वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत अडकतात. ऊन पडले की हा थर सुकतो आणि जमीन सारवून घोटलेल्या अंगणासारखी गुळगुळीत होते. वारा त्यावरची सुटी वाळू उडवून नेतो, मग बी धरायलाही जागा उरत नाही.

एवढ्या पातळ थराने इतका फरक का पडावा? याचे उत्तर प्वाझेईच्या नियमात आहे. अरुंद नळीतून ठरावीक दाबाखाली किती पाणी जाईल, हे तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. त्रिज्या एक-दशांश झाली, तर त्या एका नळीतील प्रवाह दहा हजार पट कमी होतो. मोठ्या पोकळीच्या जागी शंभर बारीक पोकळ्या बसवून उघडे क्षेत्र तेवढेच राखले, तरी एकूण प्रवाह शंभर पट घटतो. खालची वाळू कितीही पाणी पिऊ शकत असली तरी मुरण्याचा वेग वरचा पापुद्रा ठरवतो. साहेलचा पाऊस वादळी, ढगफुटीसारखा, अर्ध्या-पाऊण तासात कोसळणारा. पापुद्रा तासाला काही मिलिमीटरच पाणी आत घेतो. अशा जमिनीवर पडलेल्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाणी वाहून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

बुर्किना फासोच्या उत्तरेकडील यातेंगा प्रांतात अशाच जमिनींवर शेतकरी ‘झाई’ घेतात. झाई म्हणजे कुदळीने खणलेले खड्डे, २० ते ४० सेंटिमीटर रुंद, १० ते २० सेंटिमीटर खोल, एकमेकांपासून पाऊण-एक मीटर अंतरावर. ही रीत तिथे जुनीच. पण १९८० च्या सुमारास गुर्गा गावातील याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने तिच्यात महत्त्वाचे बदल केले. खड्डे मोठे केले, पहिल्या पावसाची वाट न पाहता ऐन उन्हाळ्यात खणले आणि त्यांत शेणखत आणि काडीकचरा टाकला. रिवाजाप्रमाणे पेरणीची तयारी पाऊस पडल्यावर करायची असल्याने गावाने त्यांना वेडा ठरवले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाला २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

खड्ड्याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या खड्ड्याचे तोंड ०.०७ चौरस मीटर. दोन खड्ड्यांत ८० सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रत्येक खड्ड्याच्या वाट्याला ०.६४ चौरस मीटर जमीन येते. आता २० मिलिमीटर पाऊस झाला आणि मधल्या कडक जमिनीवरचे निम्मे पाणी वाहिले, तर थेट पडलेले आणि वाहत आलेले मिळून खड्ड्यात सुमारे सात लिटर पाणी जमते. खड्ड्याच्या क्षेत्रफळाने भागले, तर तेथील रोपाला १०० मिलिमीटर पाऊस मिळाल्यासारखे झाले. जो पापुद्रा शेताचा शत्रू होता तोच येथे पाणलोट बनतो; म्हणून खड्ड्यांमधली जमीन शेतकरी मुद्दाम तशीच ठेवतात.

पण जमलेले पाणी आत उतरायला हवे, आणि येथे वाळवी कामाला येते. शेणखत आणि काडीकचऱ्याच्या वासावर वाळवी खड्ड्यात येते, खालून वर बोगदे खणते आणि पापुद्र्याला भोके पाडते. पाच मिलिमीटर रुंदीच्या बोगद्याची त्रिज्या पापुद्र्यातील ०.०५ मिलिमीटरच्या पोकळीपेक्षा शंभर पट मोठी; नियमाप्रमाणे प्रवाह दहा कोटी पट. इतक्या रुंद वाटेत प्रवाह खळबळता होतो आणि नियम तंतोतंत लागू पडत नाही, तरी तफावत प्रचंडच राहते. मात्र यात एक अट आहे. मातीतील पाणी केशाकर्षणाने बारीक पोकळ्यांत ओढलेले असते; रुंद बिळात ते आपोआप शिरत नाही. बिळाच्या तोंडावर पाणी साचून उभे राहिले तरच ते आत उतरते. उघड्या उतारावर पाणी थांबत नाही, म्हणून तिथे वाळवीच्या बिळांचा फारसा उपयोग होत नाही. आणि वाळवी नसेल तर खड्ड्यातले पाणी उन्हात आटत बसते. खड्डा आणि वाळवी यांना एकमेकांची गरज आहे. १९९० च्या दशकात बुर्किना फासोमध्ये संशोधकांनी पापुद्रा धरलेल्या जमिनीच्या काही तुकड्यांवर नुसते आच्छादन टाकले आणि काही तुकड्यांत कीटकनाशकाने वाळवी मारून तेच आच्छादन टाकले. वाळवी होती तिथे जमीन पाणी पिऊ लागली, गवत-झुडपे उगवली. वाळवी मारलेल्या तुकड्यांत सुधारणा अगदीच नगण्य राहिली.

शेणखताचे काम तेवढ्यावर संपत नाही. साहेलच्या जमिनीत नत्र आणि स्फुरद इतके कमी आहे, की खत न घालता नुसते खड्डे खणले तर ओल असूनही पीक फारसे येत नाही. नायजरमध्ये आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्राने केलेल्या प्रयोगांतही हेच दिसले. खत आणि खड्डे एकत्र आले, तर जिथे काहीच उगवत नव्हते तिथे वाईट वर्षी हेक्टरी ३००-४०० किलो आणि चांगल्या वर्षी १,००० किलोच्या वर धान्य येते. शेळ्यांच्या लेंड्यांतून आलेल्या बिया खड्ड्यात रुजतात आणि शेतकऱ्याने त्या राखल्या तर झाडेही उभी राहतात. सावादोगो यांचे रान असेच वाढले.

यात दैवी काही नाही, आणि चमत्कारही नाही. दुष्काळ पडला की आपल्याकडे कुठे पर्जन्ययाग होतो, कुठे बेडूक बांधून धोंडी निघते. त्याच वेळी कृत्रिम पावसाच्या विमानांचे फोटो छापून येतात. आधीच पडलेला पाऊस कुठे गेला, हा प्रश्न या गदारोळात कोणी विचारत नाही. कोट्यवधी रोपांच्या लागवडीचे आकडेही मला त्याच जातीचे वाटतात, कारण तीन वर्षांनी त्यांतली किती जगली हे सांगितले जात नाही. नायजरच्या मारादी आणि झिंदेर भागात १९८० च्या दशकापासून सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परत आली, ती बहुतांशी लावून नव्हे, तर जुन्या तोडलेल्या झाडांच्या जिवंत मुळांतून येणारे फुटवे शेतकऱ्यांनी नांगरताना राखल्यामुळे. वसाहतकाळापासूनच्या कायद्याने झाड सरकारचे मानले जाई, तोवर ते राखण्यात कोणाला रस नव्हता. ही पकड सैल झाल्यावर चित्र बदलले. तिथले गाओ हे झाड पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही आणि पडलेला पाला थेंबांचा मारा झेलतो.

हे सारे आता अधिक महत्त्वाचे झाले आहे. साहेलमधील एकूण पाऊस १९९० च्या दशकापासून काही प्रमाणात सावरला, पण त्याचा स्वभाव बदलला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहनोंदींच्या अभ्यासानुसार १९८२ पासून तिथल्या अतितीव्र वादळांची संख्या सुमारे तिप्पट झाली आहे. सहारा वेगाने तापत असल्याने वाऱ्याचा वेग उंचीनुसार अधिक बदलतो आणि वादळे अधिक जोमदार बनतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. थेंबांचा मारा वाढला की पापुद्राही अधिक घट्ट होतो. दोन जोरदार पावसांमध्ये दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडते, त्या काळात खड्ड्याखालच्या ओलीवर पीक तग धरते.

झाईला मर्यादाही आहेत. पाऊस ८०० मिलिमीटरच्या पुढे गेला तर खड्ड्यांत पाणी तुंबून मुळे कुजतात. ३०० च्या खाली गेला तर पाणलोटातून पुरेसे पाणी येत नाही. शेणखतासाठी जनावरे लागतात, आणि ज्या कुटुंबाला झाईची सर्वाधिक गरज असते त्याच्याकडे बहुधा तीच नसतात. वर दिलेल्या अंतराने हेक्टरी १५,००० हून अधिक खड्डे होतात; कडक जमिनीत ते हाताने खणायला ३०० तासांहून अधिक श्रम लागतात, तेही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गावातील तरुण मजुरीसाठी शेजारच्या कोत दिव्हारला (आयव्हरी कोस्ट) गेलेले असतात. बुर्किना फासोच्या कृषी संशोधन संस्थेने बैलांनी ओढायचे अणकुचीदार अवजार तयार केले आहे. त्याने उभ्या-आडव्या रेघा मारल्या की जिथे त्या छेदतात तिथली माती उकरून खड्डा करता येतो आणि श्रम बरेच वाचतात. परंतु २०१५ नंतर उत्तर बुर्किनात सशस्त्र गटांचे हल्ले वाढले, देशभरात वीस लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली, आणि यातेंगातील अनेक कुटुंबांना खणलेली, खत घातलेली शेते सोडून जावे लागले आहे. झाई दर एक-दोन हंगामांनी उकरून पुन्हा खत घातले नाही, तर खड्डे बुजतात आणि त्यांवर पुन्हा तोच पापुद्रा धरतो.